साठ हजारची पुडी आणि ताज्या कलमातलं ४२

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी ४६ वर्षांची, नाशिकला एका बँकेत काम करते. गेल्या महिन्यात ऑफिसकडून सगळ्यांची तपासणी झाली. माझं डी जीवनसत्त्व ११ निघालं. उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, उपाशीपोटी इन्सुलिन १९. आमचे डॉक्टर म्हणाले, डायबेटिस नाही, पण इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे घ्यायला सांगितली.

मला नवल याचं वाटतं की मी रोज स्कूटरवर उन्हातून जाते-येते, तरी डी कमी कसं? वजन ५४ किलो, उंची पाच फूट एक इंच. जाड म्हणावं अशी नाही, पोट तेवढं सुटलंय. बीपीची गोळी दोन वर्षांपासून आहे, टेल्मिसार्टनची, पुढे ‘एच’ लिहिलेली. गुडघे कुरकुरतात म्हणून कॅल्शियमची गोळी मी माझ्याच मनाने सुरू केली.

माझ्या जाऊबाई म्हणतात, डी भरून निघालं की इन्सुलिन रेझिस्टन्स आपोआप जातो आणि किडनीही सांभाळली जाते. त्यांनी तर थेट इंजेक्शन घेतलं. शेजारचे काका उलट सांगतात, डीच्या औषधानेच त्यांच्या साडूंची किडनी बिघडली. माझ्या वडिलांची शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर गेली, ते सगळं मी जवळून पाहिलंय. म्हणून दोन पुड्या घेऊन थांबले. बाकीच्या कपाटात आहेत. घेऊ की नको?

ता. क. लघवीच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ४२ असं ठळक छापलंय. पण क्रिएटिनिन ०.८ आहे म्हणजे किडनी उत्तम, असं लॅबमधला मुलगा म्हणाला, म्हणून त्याकडे लक्ष दिलं नाही. त्या दिवशी ट्रेडमिलवर पळवून झाल्यावर लगेच बाटली हातात दिली होती, मला तर धापच लागली होती.

एक वाचक, नाशिक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळं पत्र डीचं आणि लघवीला ताज्या कलमात तीन ओळी. माझ्या हातात असतं तर ताजा कलम वर घेतला असता आणि बाकीचं खाली ढकललं असतं.

पुड्यांचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. घ्या. ११ म्हणजे खरंच कमी. २० च्या खाली साधारणपणे कमतरता धरतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला डोस आपल्याकडे नेहमी दिला जातो तोच आहे. मध्येच थांबलात त्यानेही काही बिघडलं नाही, डी रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतं. फक्त पुढची पुडी फोडण्याआधी रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासून घ्या. कशासाठी, ते पुढे सांगते. आणि इन्सुलिन रेझिस्टन्स घालवायचं, किडनी वाचवायचं ओझं त्या पुडीच्या डोक्यावर देऊ नका. तिला ते पेलणार नाही.

काकांच्या साडूंचं नेमकं काय झालं मला ठाऊक नाही, पण अशी गोष्ट घडते. माझ्या प्रॅक्टिसमध्ये एक निवृत्त शिक्षक यायचे. एकदा सूनबाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. महिनाभर मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं, आणि आता नातवंडांची नावं विसरायला लागलेले. घरच्यांना वाटलं, वयाने विसराळूपणा आला. गुरुजींनी खिशातून छोटी डायरी काढली. घेतलेल्या प्रत्येक पुडीपुढे तारीख आणि बरोबरची खूण, वर्गाची हजेरी मांडावी तशी. पन्नास खुणा होत्या. ‘आठवड्याला एक, आठ आठवडे’ हे त्यांच्या मनात ‘रोज एक, आठ आठवडे’ असं उतरलं होतं. पन्नास पुड्या म्हणजे तीस लाख युनिट. कॅल्शियम १३.८ (साडेदहाच्या आत हवं), क्रिएटिनिन २.६. सलाइन लावलं, पुड्या थांबवल्या, पण डी चरबीत मुरलेलं असतं, ते काही दोन दिवसांत निघून जात नाही. कॅल्शियम जागेवर यायला तीन महिने लागले. विसराळूपणा पूर्ण गेला. किडनी मात्र पूर्वीइतकी झाली नाही, क्रिएटिनिन १.३ वर येऊन थांबलं ते थांबलंच.

तेव्हापासून मी पुडीच्या चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून द्यायची. ‘दर रविवारी’. तुम्हीही पाकिटावर पेनने लिहा.

आता डी आणि किडनीचं नातं, कारण जाऊबाई आणि काका दोघांनी त्याचं एकेक टोक धरलंय. उन्हाने कातडीत जे डी तयार होतं, किंवा पुडीतून जे पोटात जातं, ते कच्चा माल आहे. यकृतात त्याच्यावर पहिली प्रक्रिया होते, आणि तुमच्या रिपोर्टमधलं ११ हे या अर्ध्या तयार मालाचं माप. शेवटचा हात किडनी फिरवते. १९७० मध्ये केंब्रिजमधल्या फ्रेझर आणि कोडिसेक यांनी दाखवलं की डीचं खरं काम करणारं रूप किडनीत बनतं. त्याचं नाव कॅल्सिट्रिऑल. शरीराला कॅल्शियम किती हवंय ते बघून किडनी ते कमी-जास्त बनवते. म्हणजे किडनी ही या फाटकावरची राखणदार. गुरुजींसारखा पूर आला तर मात्र राखणदाराचं काही चालत नाही, पाणी फाटकावरून जातं. जास्त झालेलं कॅल्शियम मग त्याच किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं, लघवीवाटे पाणी वाहून नेतं आणि किडनीतच साचतंही.

म्हणून तुमच्या त्या कॅल्शियमच्या गोळीकडे वळते. स्वयंपाकघरातल्या खिडकीत असेल, पट्टी आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावून. कॅल्शियमपुढे ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ लिहिलं असेल तर ते साधं डी. ‘कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम’ असं असेल तर ते थेट तयार रूप आहे, किडनीच्या राखणदारीला वळसा घालून आत जाणारं. ज्यांची किडनी खरोखर थकली आहे त्यांना डॉक्टर ते मोजूनमापून देतात. आपल्याकडे मात्र ‘हाडांची गोळी’ म्हणून ते औषधाच्या दुकानात सहज हातात पडतं आणि बायका दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं घेत राहतात. मला याचा राग येतो, आणि तो घेणाऱ्या बायकांवर नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या बीपीच्या गोळीतलं ‘एच’. ते हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीवाटे बाहेर जाणारं कॅल्शियम ते अडवून धरतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण वरून साठ हजारची पुडी, बाजूने कॅल्शियमची गोळी आणि खालून एच, अशी तिन्ही बाजूंनी कोंडी झाली की कॅल्शियम वर चढू शकतं. बीपीची गोळी बंद करायची नाही, अजिबात नाही. कॅल्शियमची मात्र डॉक्टरांना दाखवेपर्यंत बाजूला ठेवा. दूध, ताक, नाचणीची भाकरी, तीळ यांतून मिळतं तेवढं सध्या पुरे. खरं तर पुड्या लिहिताना डॉक्टरांना या गोळीचा पत्ताच नसणार, कारण ती तुमच्या मनाची. भीत भीत नको, सरळ सांगा. जास्तीच्या कॅल्शियमचं आणखी एक: अमेरिकेत ३६ हजारांवर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी घेणाऱ्यांत मुतखडे १७ टक्क्यांनी जास्त दिसले होते.

रक्तातलं कॅल्शियम ठीक निघालं की पुडी जेवणानंतर, दुधातून घ्या. डी तेलातुपात विरघळणारं आहे, रिकाम्या पोटी कमी शोषलं जातं. आठ झाल्या की स्वतःच्या मनाने नवं पाकीट आणू नका. तीन महिन्यांनी डीची तपासणी पुन्हा करून पुढचा डोस डॉक्टरांना ठरवू द्या. नंतर बहुतेकांना महिन्याला एक पुडी किंवा रोजची हजार-दोन हजार युनिटची गोळी पुरते. धडधाकट मोठ्या माणसाची रोजची गरज सहाशे युनिट धरतात, आणि देखरेखीशिवाय रोज चार हजारांच्या वर जाऊ नये.

स्कूटरचं तुमचं नवल वाचून मला हसू आलं, रागावू नका. नाशिक-पुण्याकडची बाई स्कूटरवर निघते कशी? सनकोट, डोक्याला आणि चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, गॉगल, वर हेल्मेट. उन्हाला शिरायला जागा ठेवलीय कुठे? शिवाय बँकेची वेळ धरली तर तुम्ही जाता नऊ-साडेनऊला आणि परत येता सूर्य कलल्यावर. आपल्याला लहानपणापासून सांगितलंय की कोवळं ऊन चांगलं. अंगाला ते बरं वाटतं हे खरं, पण सूर्य खाली असताना डी बनवणारे किरण हवेतच अडतात. सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हात डी बनतं, लांब असेल तेव्हा जवळपास नाही. काचेआडच्या उन्हातही नाही, त्यामुळे केबिनच्या खिडकीशी बसून उपयोग नाही. जेवणाच्या सुट्टीत बाह्या वर करून पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर चक्कर मारा, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या कातडीला जरा जास्त वेळ लागतो. भाजून घेण्याची गरज नाही. ११ वरून वर यायला एवढ्याने भागणार नाही, ते काम पुड्यांचं. वर आलेलं टिकवायला ऊन.

आता जाऊबाई. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्यांत डी कमी सापडतं हे शेकडो वेळा दिसलंय. पण म्हणून एकामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं तरी म्हणावं, तर इथे दोन्ही एकाच घरची आहेत. पोटावरची चरबी इन्सुलिनला दाद देत नाही आणि तीच डीला स्वतःत मुरवून बसते. दिवसभर खुर्चीत, छपराखाली असलो की दोन्ही वाढतं.

खरा प्रश्न, डी भरून दिलं तर काय होतं? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे २४२३ जण, तुमच्यासारखेच. निम्म्यांना रोज चार हजार युनिट डी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे अडीच वर्षांनी डीवाल्यांतले २९३ जण डायबेटिसमध्ये गेले, पोकळ गोळीवाल्यांतले ३२३. फरक आहे, पण योगायोगानेही पडू शकेल एवढाच. नंतर २०२३ मध्ये अशा तीन चाचण्या एकत्र करून मोजलं तेव्हा धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला. पंधरा टक्के ऐकायला मोठे वाटतात. सरळ हिशोबात शंभर जणांनी तीन वर्षं डी घेतलं तर त्यांतले साधारण तीन जण डायबेटिसपासून वाचतात.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. त्या अमेरिकन चाचणीतल्या बहुतेकांचं डी मुळात ठीकच होतं, सरासरी २८. ज्यांचं १२ च्या खाली होतं अशांचा नंतर वेगळा हिशोब काढला, तर त्यांना फायदा बराच जास्त दिसला. पण ते होते जेमतेम १०३ जण. एवढ्यावर नाचू नये. तुमचं ११ भरून काढायला हे आणखी एक कारण, यापलीकडे मी त्याला वजन देत नाही.

आणि किडनी? त्याच चाचणीतल्या लोकांच्या किडनीचा हिशोब २०२१ मध्ये मांडला गेला. डीने फरक पडला नव्हता. त्याआधी टाइप टू डायबेटिसच्या १३१२ रुग्णांना पाच वर्षं रोज दोन हजार युनिट डी देऊन पाहिलं होतं. किडनीची गाळण्याची ताकद दोन्ही गटांत जवळपास सारखीच घसरली. उंदरांवरच्या प्रयोगांत डी बीपी वाढवणाऱ्या रेनिनला आवर घालताना दिसलं होतं, त्यामुळे आशा मोठी होती. माणसांत ती फळली नाही.

आता त्या ४२ कडे.

तुम्ही घरी श्रीखंडाला चक्का बांधत असाल. दही पंचात बांधून टांगलं की खाली निवळ पाणी गळतं, चक्का वर राहतो. पंचा जुना होऊन विरला की गळणारं पाणी दुधाळ दिसायला लागतं. क्रिएटिनिन तुम्हाला एवढंच सांगतं की पाणी किती वेगाने गळतंय. तुमचं ०.८ आहे, वय आणि बाई असणं धरून हिशोब केला तर गाळण्याची गती ९२ च्या आसपास येते, म्हणजे छान. लॅबमधला मुलगा तेवढ्यापुरता बरोबर होता. पण अल्ब्युमिनचा रेशो सांगतो पाणी दुधाळ झालंय का. अल्ब्युमिन हे प्रोटीन वरच राहायला हवं, ते खाली उतरतंय का. विरलेल्या पंचातूनही पाणी झरझर गळतं हो, सुरुवातीला तर जास्तच झरझर. त्यामुळे क्रिएटिनिन चांगलं असताना ४२ येऊ शकतं, आणि किडनीची तक्रार पहिल्यांदा बहुधा इथेच ऐकू येते.

इन्सुलिन रेझिस्टन्सशी याचा संबंध असा. स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे झाले की शरीर ते आणखी आणखी सोडतं, तुमचं १९ त्यातलंच. पण किडनी मात्र मीठ धरून ठेवण्याचा इन्सुलिनचा निरोप ऐकतच राहते. मीठ साठतं, त्यामागे पाणी, त्यामागे बीपी. किडनीच्या बारीक गाळण्यांवर आतून दाब वाढतो आणि पंचा विरत जातो. साखर १२६ ओलांडेपर्यंत किडनी सुरक्षित असते असं काही नाही.

जाड नसताना हे कसं, असं वाटेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. तुमचा बीएमआय २२.५ येतो. काटा तुम्हाला खोटं सांगत नाही, अर्धवट सांगतो. टेप घ्या आणि सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. आपल्याकडच्या बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवं. पोट आत ओढून मोजलं तर मला कळणार नाही, तुम्हाला कळेल.

पण ४२ वर आत्ताच शिक्का मारू नका. हा आकडा ३० च्या आत असावा, ३० ते ३०० म्हणजे थोडी गळती. (रिपोर्टवर एकक ‘मिलिग्रॅम प्रति ग्रॅम’ आहे ना, तेवढं बघा.) तुम्हाला ट्रेडमिलवर पळवून, धाप लागलेली असताना बाटली दिली. जोराच्या व्यायामाने लघवीतलं अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तापाने वाढतं, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढतं, पाळीच्या दिवसांत रिपोर्ट चुकतो. तपासणी आखणाऱ्यांनी बाटली ट्रेडमिलच्या आधी दिली असती तर आज कदाचित हा परिच्छेद लिहावाच लागला नसता. किंवा लागला असता. ते शोधायला हवं. म्हणून सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, आदल्या दिवशी जास्त दमछाक नाही, ताप नाही, पाळी नाही, अशी पुन्हा तपासा. तीन महिन्यांत तीनदा. तीनपैकी दोनदा ३० च्या वर आलं तर गळती खरी धरायची. सगळे ३० च्या आत आले तर वर्षातून एकदा तपासलं की झालं.

गळती खरी निघाली तरी लगेच वडिलांचं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. ९२ आणि ४२ मिळून होते ती अगदी पहिली पायरी, आणि या पायरीवर बरंच काही करता येतं. तुम्हाला जी टेल्मिसार्टन चालू आहे ती किडनीच्या गाळण्यांवरचा दाबच उतरवते, अल्ब्युमिनची गळती कमी करणाऱ्या औषधांतली ती आहे. डॉक्टर तिचा डोस वाढवतील, मग दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतील. तुमचं बीपी किती राहतं ते पत्रात नाही. घरी यंत्र असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, मोजून लिहून ठेवा. १३० आणि ८० च्या आत हवं.

आणखी एक काम. वडिलांना डायलिसिस कशामुळे लागलं, ते घरच्यांना विचारा. डायबेटिस, बीपी, की किडनीत पाण्याच्या गाठी? जुन्या फाइली कुठल्या तरी पिशवीत असतात, आपल्या घरांतून त्या टाकवत नाहीत. गाठींचा आजार घराण्यात उतरतो. तसं काही असेल तर पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यायला हवी, आणि भावंडांनाही सांगायला हवं.

गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या घेता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. घेत असाल तर सांगते, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या टेल्मिसार्टन आणि एच यांच्या जोडीला आल्या की किडनीला फार जड जातात. गुडघ्याला शेक द्या, बाहेरून मलम लावा, अगदीच लागली तर पॅरासिटामॉल.

मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात लोणचं, पापड आणि चार वाजता बँकेत फिरणारी फरसाणची डिश सगळं आलं. मिसळ महिन्यातून एकदा खा, नाशिकला राहून मिसळ सोडा म्हणणारी डॉक्टर मी नाही. तर्री मात्र वरून आणखी मागू नका.

चालण्याचं सगळेच सांगतात म्हणून ते कानाआड होतं. मी फक्त एक हिशोब पुढे ठेवते. चेन्नईला ५३१ जणांवर तीन वर्षं चाललेला एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. डायबेटिसच्या उंबरठ्यावरचेच लोक, आपल्याच देशातले. ज्यांना फक्त मोघम सल्ला मिळाला त्यांतले शंभरात ५५ तीन वर्षांत डायबेटिसमध्ये गेले. ज्यांना रोज अर्धा तास झपझप चालायला लावलं, साखर-मैदा-तेलकट कमी करायला लावलं आणि मागे लागून करून घेतलं, त्यांतले ३९. शंभरात सोळा वाचले. डीने तीन. अभ्यास वेगळे, माणसं वेगळी, त्यामुळे तराजू काटेकोर नाही, पण पारडं कुठे झुकतं ते दिसतं. दुपारच्या डब्यानंतर गच्चीवरची चक्कर म्हणजे एका दगडात दोन पक्षी, सावलीही आखूड आणि जेवणानंतरची साखरही आटोक्यात. उरलेली पंधरा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर, गल्लीत, जाऊबाईंना सोबत घेऊन.

जाऊबाईंचं राहिलंच. बाजारात मिळणाऱ्या त्या इंजेक्शनांत बहुतेक सहा लाख युनिट असतात, दहा पुड्या एका झटक्यात. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदा पाच लाखांचा डोस देऊन पाहिला होता, हाडं मजबूत होतील म्हणून. २०१० मध्ये निकाल आला तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. जाऊबाईंना घाबरवू नका, एका इंजेक्शनाने बहुतेकांना काही होत नाही. पण त्यांनी पुढचं इंजेक्शन घेऊ नये, वर पुड्या सुरू करू नयेत, आणि मळमळ, खूप तहान, बद्धकोष्ठ असं काही जाणवलं तर कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं.

लघवीचे नवे रिपोर्ट आले की मला कळवा. फोटो नको, आकडे हाताने लिहा आणि पुढे तारीख घाला. वाचक पाठवतात त्या फोटोंत अर्ध्या वेळा रिपोर्टपेक्षा अंगठाच जास्त दिसतो.